पैसा कुणाचा? मेस्टनसाहेबांची वाटणी आणि आपण

दर फेब्रुवारीत केंद्राचं बजेट झालं की एक तक्ता फिरायला लागतो. अमुक राज्याने दिल्लीला एक रुपया दिला तर त्याला किती परत मिळतात, असा. बिहारच्या पुढे काही रुपये, महाराष्ट्राच्या पुढे काही पैसे, आणि खाली लाल अक्षरांत 'किती दिवस सहन करायचं?' हा तक्ता मला आत्तापर्यंत निदान पंधरा जणांनी पाठवला असेल. त्यात दोन मामा आणि एक आतेभाऊ धरून. मी आपली दरवेळी 'हो ना' म्हणून सोडून देते. (शेवटी लग्नकार्यात भेटायचं असतं मंडळी!)

पण खरं सांगायचं तर या भांडणात मला फार रस आहे. कारण हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि आज आपण त्वेषाने मांडतो ते जवळजवळ सगळे मुद्दे तेव्हाच मांडून झालेले आहेत. तेही आपल्याच मुंबईने. म्हणून आज जरा इतिहास. आकडे आहेत थोडे, पण घाबरू नका, शाळेतल्या बेरजेच्या पलीकडे काही नाही.

तर गोष्ट सुरू होते १९१९ च्या सुधारणा कायद्यापासून. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा म्हणून आपण शाळेत पाठ केल्या होत्या त्या. त्याआधी शेतसारा, अबकारी, इन्कम टॅक्स अशी बरीच उत्पन्नं हिंदुस्थान सरकार आणि प्रांत यांच्यात वाटून घेतली जायची, आणि दर काही वर्षांनी या वाट्यावरून कुरबुर व्हायची. नव्या कायद्याने ठरवलं की हे सामाईक खातं बंद. शेतसारा, अबकारी, स्टॅम्प, पाटबंधारे, जंगलं हे सगळं प्रांतांचं. कस्टम्सची जकात, इन्कम टॅक्स, मीठ, अफू, रेल्वे हे केंद्राचं. चूल वेगळी, भांडीकुंडी वेगळी.

पण चुली वेगळ्या केल्यावर लक्षात आलं की थोरल्याच्या घरात पीठच कमी पडतंय. शेतसाऱ्यासारखं मोठं उत्पन्न प्रांतांकडे गेल्यामुळे केंद्राच्या बजेटमध्ये ९ कोटी ८३ लाखांचं भगदाड पडत होतं. ते कुणी भरायचं? प्रांतांनी. कोणत्या प्रांताने किती? हे ठरवायला १९२० मध्ये लॉर्ड मेस्टन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. हे मेस्टनसाहेब आधी संयुक्त प्रांताचे, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाचे, लेफ्टनंट गव्हर्नर होते. त्यांनी पहिल्या वर्षासाठी केलेली वाटणी अशी (आकडे लाख रुपयांत):

मद्रास ३४८
संयुक्त प्रांत २४०
पंजाब १७५
ब्रह्मदेश ६४
बंगाल ६३
मुंबई ५६
मध्य प्रांत व वऱ्हाड २२
आसाम १५
बिहार व ओरिसा शून्य

बेरीज करून बघा, बरोबर ९८३ येते. आणि आपल्या जुन्या प्रांताला साहेबाने काही झुकतं माप दिलं नाही, हेही बघा.

आता हा तक्ता तेव्हा वर्तमानपत्रांतून मद्रासेत पोचला असेल तेव्हा काय झालं असेल कल्पना करा. मद्रासने ३४८ आणि गिरण्या, बंदर, शेअरबाजार असलेल्या मुंबईने फक्त ५६?

मेस्टनचं तर्कशास्त्र मात्र तसं सरळ होतं. नव्या व्यवस्थेत ज्या प्रांताच्या हातात जितका जास्त पैसा आला, त्यातून त्याने भरावं. शेतसारा प्रांतांकडे गेल्यामुळे शेतीप्रधान प्रांतांची चांदी झाली होती. मद्रासच्या हातात नव्याने ५७६ लाख आले, त्यातले ३४८ द्यावे लागले. मुंबईच्या हातात नव्याने आले अवघे ९३ लाख, त्यातले ५६. दोघांचंही प्रमाण साधारण ६० टक्के. झाली की नाही समान वाटणी?

मद्रासचं म्हणणं, अहो ही आमची नवी कमाई नव्हेच. हा आमच्याच रयतेचा शेतसारा आहे. इतकी वर्षं तुम्ही त्यातला मोठा वाटा नेत होतात, आम्ही कमी खर्चात भागवत होतो, आणि आता आमचं आम्हाला मिळतंय म्हटल्यावर तुम्ही त्यालाच 'वाढीव' म्हणून पुन्हा हात घालताय. पंजाब आणि संयुक्त प्रांताची रडकथाही हीच.

आणि मुंबई? मुंबईने खूश व्हायला हवं होतं नाही का? छे! मुंबईचा संताप तर सगळ्यात मोठा. आम्ही ५६ लाख देतोय असं म्हणूच नका, मुंबई म्हणाली. आमचा इन्कम टॅक्स तुम्ही अख्खाच्या अख्खा घेऊन गेलात त्याचं काय? मुंबई आणि बंगाल हे दोन व्यापारी प्रांत. इन्कम टॅक्सचा मोठा भाग तिथूनच यायचा. तो केंद्राकडे गेला आणि मुंबई प्रांताच्या हातात राहिला शेतसारा, जो रयतवारी पद्धतीत तीस तीस वर्षं बांधलेला असायचा, आणि अबकारी, म्हणजे दारू. शहर फुगत होतं. गिरण्या, चाळी, गटारं, पाणी, दवाखाने, पोलीस यांचा सगळा खर्च प्रांताच्या आणि शहराच्या डोक्यावर. पण त्या भरभराटीतून वाढणारा कर मात्र दिल्लीला. आणि दारूचं म्हणाल तर सभेत सगळे पुढारी दारूबंदीच्या बाजूने आणि तिजोरी दारूवर! पुढे १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली, तेव्हा बुडालेलं उत्पन्न भरून काढायला शहरातल्या घरांवर १० टक्के नवा कर बसवावा लागला होता, आणि त्यावरून घरमालक मंडळी केवढी भडकली होती.

मुंबई-बंगालच्या समाधानासाठी एक तोडगा काढला होता. प्रांतातलं करपात्र उत्पन्न १९२०-२१ पेक्षा जास्त झालं तर वाढीव उत्पन्नावर रुपयामागे तीन पै प्रांताला. ऐकायला बरं वाटतं, पण १९२०-२१ हे महायुद्धानंतरच्या तेजीचं वर्ष! त्यानंतर आली मंदी. डोंगराच्या टोकावर खूण करायची आणि म्हणायचं, याच्यावर चढलास की बक्षीस. मुंबईच्या हाती त्यातून फारसं काही लागलं नाही. १९२८-२९ मध्ये प्रांतांची ही वर्गणी कायमची माफ झाली, म्हणजे मद्रास सुटली. मुंबईचं इन्कम टॅक्सचं दुखणं मात्र तसंच राहिलं.

मला या मेस्टन प्रकरणात सगळ्यात गंमत वाटते ती याची की ज्याने सर्वांत जास्त दिलं तोही म्हणतो लुटलं, आणि ज्याने कमी दिलं तोही म्हणतो लुटलं. आणि दोघांचेही हिशेब बरोबर आहेत! फक्त 'आपला पैसा' कुठून मोजायला सुरुवात करायची, हे दोघांनी वेगवेगळं धरलंय.

हा विषय नुसता हिशेबनिसांचा नव्हता बरं का. याच काळात एका मराठी विद्यार्थ्याने याच विषयावर कोलंबिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला. भीमराव रामजी आंबेडकर. १८३३ ते १९२१ या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतांचा आणि केंद्राचा पैशाचा व्यवहार कसा घडत गेला, यावरचं ते पुस्तक १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालं आणि बाबासाहेबांनी ते सयाजीराव गायकवाडांना अर्पण केलं. पंचवीसेक वर्षांनी याच माणसाच्या हातून घटनेचा मसुदा होतो आणि त्यात कलम २८० येतं, दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याचं. योगायोग म्हणवत नाही.

आता मुंबईच्या दाव्याकडे जरा नीट बघूया, कारण तो आजही आपला दावा आहे. 'कर आमच्याकडे गोळा होतो, म्हणून तो आमचा.'

१९२१ सालची परळची एक गिरणी डोळ्यांसमोर आणा. कापूस आला खानदेशातून नाहीतर वऱ्हाडातून. मागावर उभा राहिला रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस, ज्याची बायकामुलं गावी, म्हणजे त्याच्या म्हातारपणाचा आणि आजारपणाचा खर्च गावावर. कापड नेसलं कुणी नागपुरात, कुणी कानपुरात. नफा लिहिला गेला फोर्टातल्या ऑफिसच्या वहीत आणि टॅक्स भरला मुंबईत. बंदरावरच्या जकातीचं तर विचारूच नका. माल मुंबईला उतरला म्हणून जकात मुंबईत भरली, पण ती शेवटी चढली कुठल्यातरी आतल्या गावच्या गिऱ्हाइकाच्या माथी.

आणि गिरण्यांना लागणारी वीज? ती यायला लागली होती सह्याद्रीतून, टाटांच्या धरणांवरून. नेमक्या त्याच १९२१ साली सेनापती बापट मुळशीच्या मावळ्यांना घेऊन सत्याग्रहाला उभे होते, कारण मुंबईच्या विजेसाठी त्यांची भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. गेली. मेस्टनच्या तक्त्यात मद्रासचे ३४८ लाख आहेत, मुंबईचे ५६ लाख आहेत. मुळशीची ओळ नाही.

म्हणजे मुंबईचा दावा खोटा होता का? तसंही नाही. शहर चालवायला खर्च येतो, आणि ज्याच्यामुळे उत्पन्न वाढतं त्याला वाढीचा वाटाच मिळाला नाही तर तो वाढवेल कशाला? हा मुद्दा तेव्हाही खरा होता, आजही आहे. पण 'गोळा कुठे झाला' आणि 'आला कुणाकडून' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढंच माझं म्हणणं.

१९३५ च्या कायद्याने शेवटी इन्कम टॅक्सचा वाटा प्रांतांना द्यायचं ठरलं. किती आणि कसा, हे सांगायला आले बँक ऑफ इंग्लंडचे सर ऑटो निमायर. १९३६ चा त्यांचा निवाडा असा: निम्मा टॅक्स प्रांतांना आणि त्यात मुंबई २० टक्के, बंगाल २० टक्के, मद्रास व संयुक्त प्रांत १५-१५, बाकीचे त्याखाली. थोडी वसुली, थोडी लोकसंख्या, असा मेळ घातलेला. अर्थात केंद्राची तब्येत सुधारेपर्यंत त्या निम्म्यातूनही काही केंद्र ठेवून घेणार होतं! फाळणीनंतर बंगाल-पंजाबचे तुकडे झाले, वाटणी बदलली आणि मुंबई झाली २१ टक्के.

त्या वाटणीवर सगळेच नाराज. मग निवाडा करायला निवडला गेला आपला माणूस. सी. डी. देशमुख, रोह्याचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० च्या देशमुख निवाड्यातही मुंबई २१ टक्क्यांवरच राहिली, उत्तर प्रदेश १८, मद्रास साडेसतरा, पश्चिम बंगाल साडेतेरा. आपल्या माणसाने आपल्याला एक टक्काही वाढवून दिला नाही. मला तर त्यांचा याबद्दल आदरच वाटतो.

मग आला पहिला वित्त आयोग, नियोगींचा. मुंबई राज्याचं पालुपद तेच, वसुलीप्रमाणे वाटा. आयोगाने १९५२ मध्ये सांगितलं, वाटणी ८० टक्के लोकसंख्येवर आणि फक्त २० टक्के वसुलीवर. मुंबई आली साडेसतरावर. दुसऱ्या आयोगाने वसुलीचं वजन आणखी उतरवून १० टक्के केलं. देशाने एकदा ठरवून टाकलं की पैसा कुठे गोळा झाला यापेक्षा माणसं कुठे राहतात हे महत्त्वाचं.

आणि आता खरी मेख. हे सगळं चालू असतानाच संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटत होता. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये म्हणणाऱ्यांचा एक मोठा मुद्दा पैशाचाच होता. शहराची संपत्ती व्यापाऱ्यांनी उभी केली, ती सगळ्या देशाची आहे, आणि महाराष्ट्राला मुंबई हवी ती तिच्या शिलकीवर डोळा ठेवून. याला आपण काय उत्तर दिलं? आपण म्हटलं, संपत्ती नुसती पेढीवर बसणाऱ्यांची नसते. ती ज्या भूमीवर उभी आहे त्या भूमीची असते, घाम गाळणाऱ्या कामगाराची असते, पाणी आणि वीज देणाऱ्या खेड्यांची असते. आणि ते बरोबर होतं! १९५६ मध्ये याच मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पण बघा हं. मुंबई राज्य दिल्लीपुढे उभं राहून म्हणत होतं, 'जिथे गोळा होतो त्याचा पैसा.' आणि त्याच राज्यातली मराठी माणसं रस्त्यावर म्हणत होती, 'जिथे गोळा होतो त्याचा नव्हे, ज्यांच्या कष्टातून येतो त्यांचा पैसा.' ही दोन वाक्यं एकत्र नांदू शकत नाहीत. मला तरी ती एकत्र बसवता आलेली नाहीत. कुणाला जमलं तर जरूर सांगा.

पुढचा इतिहास भराभर सांगते. १९५९ मध्ये कंपन्यांनी भरलेला इन्कम टॅक्स वाटणीतून काढून घेतला गेला आणि राज्यांनी पुढची चाळीस वर्षं त्यावर बोटं मोडली. २००० च्या ८०व्या घटनादुरुस्तीने केंद्राचे जवळजवळ सगळेच कर वाटणीत आले. पण सेस आणि सरचार्ज बाहेरच राहिले, आणि केंद्र ते वाढवत गेलं, हे आजचं सगळ्या राज्यांचं सामाईक गाऱ्हाणं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी केंद्रीय करांतले ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात उत्तर प्रदेश जवळपास १८ टक्के, बिहार १० च्या वर, महाराष्ट्र ६.३, कर्नाटक ३.६. चौदाव्या आयोगात महाराष्ट्राचा वाटा साडेपाच होता, म्हणजे आपला चक्क वाढला होता. तक्त्यावाले हे सांगत नाहीत. कर्नाटकाचा ४.७ वरून खाली आला, केरळचा अडीचवरून १.९ वर. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री दिल्लीत जंतरमंतरला धरणं धरून बसले, दुसऱ्या दिवशी केरळचे. लोकसंख्या आटोक्यात ठेवली, शाळा-दवाखाने केले, त्याची शिक्षा का, हा त्यांचा सवाल. मद्रासने मेस्टनला हेच विचारलं होतं, फक्त तेव्हा विषय काटकसरीचा होता.

महाराष्ट्रातून देशाच्या थेट करांपैकी एक तृतीयांशाहून जास्त वसुली होते, हे खरंच आहे. पण त्यातल्या कितीतरी मोठ्या कंपन्यांचं आणि बँकांचं फक्त मुख्य ऑफिस मुंबईत आहे. बँकेने कर्ज दिलं कोइमतूरला, व्याज आलं कोइमतूरहून, आणि टॅक्स भरला मुंबईत. परळच्या त्या गिरणीसारखंच. ती १९२१ सालची वही अजून चालूच आहे.

आता शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत जवळचा आहे. माझं माहेर पुण्याचं, सासर अमरावतीचं. माहेरी सगळे दिल्लीवर चिडलेले असतात आणि सासरी सगळे मुंबई-पुण्यावर! लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सासरे मला म्हणाले होते, "बेटा, वऱ्हाडचा पैसा आधी निजामानं खाल्ला, मग मध्य प्रांतानं, अन् आता तुम्ही." मी तेव्हा हसले होते. पण इतिहास तसाच आहे. १८५३ च्या तहापासून वऱ्हाडच्या कापसाच्या मुलखातून निजामाच्या फौजेचा खर्च भागायचा आणि उरेल ती शिल्लक निजामाला जायची. १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने वऱ्हाड इंग्रजांकडे आला तो वर्षाला २५ लाखांच्या खंडावर, आणि पुढे वऱ्हाडची तक्रार अशी की आमचं उत्पन्न मध्य प्रांत वापरतो.

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला शब्द दिला की लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च होईल, आणि मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिलं जाईल. लक्षात घ्या, लोकसंख्येच्या प्रमाणात! दिल्लीत मुंबई राज्याला जे तत्त्व नको होतं, तेच नागपुरात आपण लिहून दिलं. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने तर वेगळ्या विदर्भाची शिफारसच केली होती, तरी विदर्भ आपल्यात आला. आणि १९८४ मध्ये वि. म. दांडेकरांच्या समितीने अनुशेष मोजला तेव्हा तो निघाला ३१८६ कोटी ७८ लाखांचा. त्यात विदर्भाचा ३९ टक्के, मराठवाड्याचा साडेतेवीस टक्के, आणि उरलेला उर्वरित महाराष्ट्राचा. अनुशेषावर लक्ष ठेवायला १९९४ मध्ये विकास मंडळं आली, त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली.

आणि कोळसा जळतो चंद्रपूरला, राख पडते चंद्रपूरच्या छपरांवर, वीज येते इकडे. ऐकल्यासारखं वाटतं ना? मुळशीचंच नवं गाव ते.

मग माझं मत काय? मला वाटतं, दिल्लीशी भांडायलाच हवं. सेसच्या नावाखाली वाटणी चुकवण्याबद्दल तर जोरातच. मुंबईच्या लोकलला लोंबकळणाऱ्या माणसाला 'देशासाठी सोस' हे सांगणं मला पटत नाही. पण भांडताना 'आमच्याकडे गोळा होतो म्हणून आमचा' हा मुद्दा वापरायचा असेल, तर उद्या मुंबईने तोच महाराष्ट्रापुढे मांडला की चालेल का, याचं उत्तर आधी तयार ठेवावं. आणि 'आमच्या कष्टाचा, आमच्या मातीचा पैसा' हा मुद्दा वापरायचा असेल, तर विदर्भ-मराठवाड्याचं बिल आधी भागवावं. दिल्लीकडे मागायचं आणि गडचिरोलीला ताटकळत ठेवायचं, हे काही बरं दिसत नाही.

असो. फार लांबलं. दोन्हीकडच्या मंडळींना राग आला असेल तर समसमान यावा, एवढीच वाटणी माझ्या हातात आहे.